लिलीची फुलं गळाली, आता कुंडीचं काय करायचं?

नर्सरीतून आणलेली किंवा कुणी भेट दिलेली लिलीची कुंडी जानेवारी-फेब्रुवारीत घर उजळून टाकते. मार्च उजाडेपर्यंत पाकळ्या गळून जातात आणि उरतो तो एक हिरवा दांडा आणि त्यावरची पानं. मग कुणी कुंडी उचलून जिन्याच्या कोपऱ्यात ठेवतं, कुणी "आता हिचं काम झालं" म्हणत दांडा मातीलगत छाटून टाकतं. दोन्हीत कंद जातो, छाटण्याने जरा लवकर जातो.

खरं तर फुलं गेल्यानंतरचे दोन-तीन महिने हेच कंदाच्या कमाईचे दिवस. फुलण्यात त्याने साठवलेलं सगळं खर्च केलेलं असतं. आता पानं उन्हातून अन्न तयार करतात आणि ते खाली कंदात भरलं जातं. पुढच्या वर्षी फूल येणार की नुसती पानं, हे बरंचसं याच काळात ठरतं. मुंबईत त्यात दोन अडचणी जास्तीच्या आहेत: मध्ये चार महिन्यांचा पाऊस, आणि लिलीला हवी असलेली थंडी इथे नाही. दोन्हींवर उपाय आहेत. पण आधी आपल्या कुंडीत नेमकं काय आहे ते बघू.

आधी लिली ओळखा

आपल्याकडच्या नर्सऱ्यांत "लिली" या एका नावाखाली निदान पाच-सहा वेगळी झाडं विकली जातात आणि प्रत्येकाची निगा वेगळी. एकच सरळ दांडा, त्यावर खालपासून वरपर्यंत पानं आणि टोकाला मोठी फुलं असतील, तर ती लिलियम, म्हणजे खरी लिली. दादरच्या फुलबाजारात बुकेसाठी मिळतात त्या लांब दांड्याच्या लिली याच. पट्ट्यासारखी पानं थेट मातीतून आली असतील आणि फुलाचा जाड, पोकळ दांडा वेगळा उभा असेल, तर ते ॲमरिलिस. बारीक पातीसारखी पानं आणि पावसाच्या सरीनंतर एकदम उमलणारी गुलाबी, पांढरी किंवा पिवळी फुलं म्हणजे रेन लिली. मे महिन्यात लाल चेंडू फुलतो ती फुटबॉल लिली. पांढऱ्या पंखासारखं एक पान आणि त्यात उभा दांडका असेल तर ती पीस लिली. तिला कंदच नसतो.

या लेखाचा मोठा भाग लिलियमबद्दल आहे, कारण सगळ्यात जास्त गोंधळ तिच्याबाबतीत होतो. बाकीच्यांचं शेवटी.

फुलं काढा, दांडा राहू द्या

पाकळ्या सुकल्या की फूल त्याच्या छोट्या देठासकट, मुख्य दांड्याला जोडलेलं असतं तिथून बोटांनी मोडा. फुलाच्या मागे हिरवा फुगीर भाग दिसत असेल तर तोही गेला पाहिजे. तो बीजकोष. ठेवला तर झाड कंद भरायचं सोडून बिया भरत बसतं. सगळी फुलं एकदम संपत नाहीत, त्यामुळे रोज सकाळी एक नजर टाकून सुकलेलं तेवढं काढत जा.

कात्री दांड्याला लावू नका. वरची बोडकी बोंडं कितीही खटकली तरी पानं असलेला हिरवा दांडा पूर्ण ठेवायचा. अगदीच नको वाटलं तर पानं सुरू होतात तिथपर्यंत वरचं टोक कापा, त्याखाली नाही.

परागाचं एक सांगून ठेवतो. लिलीचा केशरी पराग कपड्यावर पडला तर ओल्या हाताने पुसू नका, डाग पक्का बसतो. सेलोटेपची चिकट बाजू हलकेच टेकवून उचला.

आणि घरात मांजर असेल, किंवा ग्रिलमधून सोसायटीची मांजरं ये-जा करत असतील, तर लिलियम घरात ठेवूच नका. पान, पाकळी, पराग, फुलदाणीतलं पाणी, यातलं थोडंसंही पोटात गेलं तरी मांजराची किडनी निकामी होऊ शकते. अंगावर पडलेला पराग चाटून साफ केला तरी धोका असतो. शंका आली तर उलट्या व्हायची वाट न बघता तेव्हाच पशुवैद्याकडे न्या. पुढचं सगळं बिनमांजराच्या घरांसाठी आहे असं समजा.

जागा: सकाळचं ऊन, दुपारची सावली

फुलं असताना कुंडी बहुधा हॉलमध्ये, टीव्हीशेजारी असते. आता तिला बाहेर न्यायची वेळ झाली, कारण हॉलच्या उजेडात पानं कंद भरू शकत नाहीत. पण एकदम पश्चिमेच्या ग्रिलमध्येही ठेवू नका. एसीत राहिलेलं झाड मार्चच्या उन्हात दोन दिवसांत करपतं. आधी चार-पाच दिवस गॅलरीत आतल्या बाजूला, मग हळूहळू पुढे.

पूर्वेची गॅलरी सगळ्यात चांगली. साडेदहा-अकरापर्यंतचं ऊन मिळालं की पुरे. पश्चिमेचीच खिडकी असेल तर कुंडी पुढच्या रांगेत न ठेवता मोगरा किंवा जास्वंदीच्या कुंडीमागे ठेवा. पानांना ऊन चालतं. कुंडी तापणं चालत नाही. नर्सरीची काळी, पातळ प्लास्टिकची कुंडी दुपारी हाताला चटका बसेल इतकी तापते आणि आत कंद शिजतो. ती तशीच एखाद्या मोठ्या मातीच्या कुंडीत उतरवली की बराच फरक पडतो. पानं सुकायच्या आत कुंडी बदलायचा मोह टाळा, मुळं दुखावतात.

पाणी

नर्सरीतली लिली बऱ्याचदा जवळजवळ नुसत्या कोकोपीटमध्ये, म्हणजे नारळाच्या काथ्याच्या भुशात, लावलेली असते. कोकोपीट वरून कोरडं, फिकट दिसतं आणि खाली चिंब असतं. नवशिके वरचा रंग बघून पाणी घालत राहतात. बोट दुसऱ्या पेरापर्यंत आत घाला. तिथेही कोरडं लागलं तरच पाणी द्या आणि देताना तळाच्या भोकातून बाहेर येईपर्यंत द्या. कुंडी उचलून वजनाचा अंदाज घ्यायची सवय लावली तर आठवड्याभरात बोट घालायचीही गरज उरत नाही.

खालच्या बशीत साचलेलं पाणी ओतून टाका. कंदासाठी, आणि डासांसाठीही. पावसाळ्यात महापालिकेची माणसं घरोघरी येऊन कुंड्यांखालच्या बशा तपासतात ती उगाच नाही. डेंग्यूचा डास असल्याच स्वच्छ पाण्यात अंडी घालतो.

खत

शेवटचं फूल काढलं की खत सुरू करा आणि पानं पिवळी पडू लागली की बंद करा. मधल्या काळात दर पंधरा दिवसांनी विद्राव्य, म्हणजे पाण्यात विरघळणारं, खत पुरे. १३:०:४५ (हे आकडे अनुक्रमे नत्र, स्फुरद आणि पोटॅशचे) मिळालं तर उत्तम, कारण त्यात पोटॅश भरपूर असतं आणि कंद भरायला तेच लागतं. साधं १९:१९:१९ असेल तरी चालेल. दोन्हींचं प्रमाण एका लिटर पाण्याला एक ग्रॅम. माती आधी ओली करून मगच खताचं पाणी घाला, कोरड्या मुळांवर ते जळजळीत पडतं.

सेंद्रियच वापरायचं असेल तर मूठभर गांडूळखत आणि दोन चमचे हाडांचा चुरा वरच्या मातीत मिसळा. शेणखत पूर्ण कुजलेलं असेल तरच. अर्धवट कुजलेलं शेण आणि लिलीचा कंद यांचं अजिबात जमत नाही. चुलीची किंवा धुपाची राख घालायची पद्धत बऱ्याच घरांत आहे. गुलाबाला थोडी चालून जाते, पण लिलीला किंचित आंबट माती लागते, तिथे राख नको.

पानं पिवळी पडू लागली, म्हणजे झाड मेलं नाही

एप्रिल-मेमध्ये पानं खालून पिवळी पडायला लागतात. इथे बरेच जण घाबरून पाणी वाढवतात, आणि नेमकं तेव्हाच ते कमी करायचं असतं. झाड झोपायची तयारी करतंय. दोन पाण्यांमधलं अंतर वाढवत न्या, आणि अर्ध्याहून अधिक पानं पिवळी झाली की पाणी जवळजवळ थांबवा. माती भुगा होऊ द्यायची नाही, आठ-दहा दिवसांतून अर्धा पेला पुरतो.

पिवळेपणा कशाचा आहे ते मात्र ओळखता आलं पाहिजे. खालून वर, हळूहळू, कागदासारखं कोरडं होत जाणारं पिवळं हे विश्रांतीचं. सगळी पानं आठवड्याभरात एकदम मऊ पडून लोंबू लागली, दांडा बुडाशी तपकिरी झाला आणि मातीला कुबट वास आला, तर कंद कुजतोय. तेव्हा वाट न बघता कंद बाहेर काढायचा.

दांडा पूर्ण सुकला की हलकेच पिळून ओढा. विश्रांती पूर्ण झाली असेल तर तो सहज सुटून हातात येतो. अडला तर ओढाताण करू नका, आणखी आठ दिवस थांबा.

पावसाळा: कुंडी कोरड्यात

मुंबईत लिलीचे कंद जास्त मरतात ते पावसाळ्यात. सांताक्रूझला जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, आणि झोपलेल्या कंदाला त्यातला थेंबही नको असतो. लिलियमच्या कंदाला कांद्यासारखं वरचं सुकं साल नसतं. उघड्या, मांसल पाकळ्या एकमेकींवर बसवलेल्या असतात, सोललेल्या लसणाच्या गड्डीसारख्या. त्यामुळे ओल लगेच आत शिरते.

म्हणून जूनचा पहिला आठवडा संपायच्या आत कुंडी पावसाच्या माऱ्यातून काढा. ग्रिलवरचा पत्रा पुरेसा नसतो, आपल्याकडे पाऊस आडवा येतो. घरात एखाद्या हवेशीर कोपऱ्यात, खाली दोन विटांचे तुकडे ठेवून कुंडी राहू द्या. उजेडाची गरज नाही. बंद कपाटात किंवा बेडखाली मात्र नको, तिथे बुरशी धरते. महिन्यातून एकदा वरची माती खुरपीने हलवून बघा. अगदीच धूळ झाली असेल तर शिंपडा मारा.

पावसाळ्यातच कोंब वर आला तर? येतो कधी कधी. मग त्याला परत झोपवायच्या भानगडीत न पडता उजेडात ठेवा आणि वाढू द्या. त्या फेरीत फूल येण्याची शक्यता कमी, पण कंद जगतो.

गणपतीत फ्रिजमध्ये, दिवाळीनंतर कुंडीत

लिलियम मूळची थंड प्रदेशांतली. कंदाला काही आठवडे कडक गारवा मिळाला की त्याला हिवाळा होऊन गेल्याचं कळतं आणि मग तो फुलाचा दांडा वर काढतो. आपल्याकडे जानेवारीत सांताक्रूझला रात्रीचं सरासरी तापमान १६-१७ अंशांच्या आसपास उतरतं. आपण स्वेटर घालतो, लिलीला मात्र तो हिवाळा वाटत नाही. बाजारातल्या लिलीचे कंद बहुतांशी नेदरलँड्समधून येतात आणि लागवडीआधी शीतगृहात राहिलेले असतात. म्हणून पहिल्या वर्षी त्या हमखास फुलतात आणि दुसऱ्या वर्षी नुसतीच पानं येतात. ते शीतगृह आपल्याला घरच्या फ्रिजमध्ये करायचंय.

गणपतीच्या दिवसांत कुंडी वर्तमानपत्रावर उलटी करा. माती बोटांनी मोकळी करत कंद शोधा; खुरपी खुपसली तर पाकळ्या तुटतात. मोठ्या कंदाला चिकटलेली वाटाण्या-बोराएवढी पिल्लं सापडली तर ती वेगळी ठेवा. जिवंत जाड मुळं कापू नका, फक्त सुकलेली काढा. कंद दाबून बघा. टणक लागला तर चांगला. एखाद-दुसरी बाहेरची पाकळी तपकिरी, मऊ असेल तर ती बुडापासून मोडून टाका. आतपर्यंत लिबलिबीत असेल तर कंद गेला.

कंद पाण्याने धुवू नका. माती झटकून बुरशीनाशकाच्या भुकटीत हलके घोळवा आणि तासभर पंख्याखाली ठेवा. मग झिपच्या पिशवीत किंचित दमट कोकोपीट भरा. मुठीत दाबल्यावर गोळा व्हावा, पण पाणी निथळू नये, इतपत दमट. कंद त्यात एकमेकांना न टेकता पुरा. पिशवीला टाचणीने सात-आठ भोकं पाडा आणि ती फ्रिजच्या मधल्या कप्प्यात ठेवा. तापमान ४ अंशांच्या आसपास हवं. फ्रीजरमध्ये कधीही नको.

दोन गोष्टी सांभाळा. सफरचंद, केळी, चिकू अशी पिकती फळं पिशवीजवळ नकोत. त्यांतून निघणाऱ्या इथिलीन वायूने कंदातली कळी आतल्या आत जळते. आणि पिशवीवर मार्करने ठळक लिहा: "फुलाचे कंद, खायचे नाहीत". ही गंमत नाही. दमट कोकोपीटमधला लिलीचा कंद घाईच्या वेळी लसूण म्हणून फोडणीत जाऊ शकतो.

आठ ते दहा आठवडे असे गेले पाहिजेत. दर पंधरा दिवसांनी पिशवी उघडून बघा. बुरशीचा पांढरा धागा दिसला तर तो भाग काढून कोकोपीट बदला. कोरडं वाटलं तर चार थेंब शिंपडा.

पुन्हा लावताना

नोव्हेंबरात, ऑक्टोबरचा उकाडा सरल्यावर, कंद बाहेर काढा. कुंडी निदान दहा इंच खोल हवी. नवशिक्यांचा अंदाज बहुतेक इथेच चुकतो, कारण लिलियम कंदाखालून मुळं काढते तशी कंदाच्या वर, मातीत गाडलेल्या दांड्यालाही काढते, आणि झाडाला बरंचसं अन्न ही वरची मुळंच पुरवतात. म्हणून कंद खोल पुरायचा, वर चार ते सहा इंच माती येईल असा.

मिश्रण सोपं ठेवा: दोन भाग लाल माती, एक भाग कोकोपीट, एक भाग गांडूळखत, एक भाग जाडसर रेती आणि मूठभर निंबोळी पेंड. बांधकामाच्या ढिगाऱ्यावरची रेती घेऊ नका, तिच्यात बऱ्याचदा सिमेंट असतं. तळाच्या भोकावर खापराचा तुकडा ठेवून साधारण एक तृतीयांश कुंडी भरा, कंद मुळं खाली करून बसवा, वर माती घाला, एकदा भरपूर पाणी द्या. कोंब दिसेपर्यंत पुढचं पाणी बेतानेच. दहा इंची कुंडीत तीन मोठे कंद मावतात. पिल्लं वेगळ्या कुंडीत लावा; ती फुलायला दोन-तीन वर्षं घेतात.

एशियाटिक जात लावल्यापासून अडीच-तीन महिन्यांत फुलते, म्हणजे फेब्रुवारीच्या सुमारास. फुलं पहिल्या वर्षापेक्षा कमी आणि लहान असतील. सहा कळ्यांच्या जागी दोन आल्या तरी मुंबईत ते चांगलंच म्हणायचं.

जातीनुसारही फरक पडतो. एशियाटिकला वास नसतो, पण ती कमी वेळात फुलते, त्यामुळे उन्हाळ्याआधी काम उरकते. लाँगिफ्लोरम, म्हणजे पांढरी तुतारीसारखी लिली, मूळची दक्षिण जपानच्या बेटांवरची आणि तैवानची. तिला आपली उष्णता त्यातल्या त्यात सोसते. या दोघींच्या संकरातून आलेली एलए जात नर्सरीत मिळाली तर नवशिक्याने तीच घ्यावी. स्टारगेझर, कासाब्लांकासारख्या सुवासिक ओरिएंटल जातींना लावल्यापासून फुलायला साडेतीन-चार महिने लागतात आणि त्यांच्या कळ्या भर मार्चच्या तडाख्यात सापडतात. त्यांच्यामागे मुंबईत लागू नये असं माझं स्पष्ट मत आहे. फुलं बघावीत, वास घ्यावा आणि कंद पुण्या-नाशिकच्या, जमलं तर महाबळेश्वरच्या, नातेवाइकाला देऊन टाकावा.

बाकीच्या लिली

फ्रिजची उठाठेव नको असेल तर ॲमरिलिस घ्या. मुंबईत कुंडीत दरवर्षी फुलणारी मोठ्या फुलाची लिली हवी असेल तर मी हिचंच नाव सुचवेन. फुलं गेली की पोकळ दांडा बुडापासून दोन इंचांवर कापा, पानं ठेवा. पाऊसभर पानं वाढू द्या, निचरा चांगला असेल तर पाऊस तिला बाधत नाही. नोव्हेंबरपासून पाणी बंद, पानं सुकली तर सुकू द्या. आठ-दहा आठवड्यांनी पाणी सुरू केलं की कळी वर येते. कंदाची मान मातीबाहेर हवी आणि कुंडी जरा अडचणीचीच बरी. दरवर्षी माती बदलून तिला त्रास देऊ नका.

तिचा शत्रू मात्र पावसाळ्यात येतो. पानावर पारदर्शक, कागदी चट्टे दिसले तर पान उलटून बघा: काळ्या अंगावर पांढरे-पिवळे पट्टे आणि ठिपके असलेल्या अळ्या घोळक्याने बसलेल्या असतात. दोन रात्रींत पानं फस्त करून त्या कंदाच्या मानेत शिरतात. सुरुवातीला दिसल्या तर चिमट्याने उचलून साबणाच्या पाण्यात टाका आणि कडुनिंबाच्या तेलाची फवारणी संध्याकाळी करा. स्पायडर लिली आणि सुदर्शनवरही त्या येतात, त्यामुळे शेजारच्या कुंड्या तपासल्याशिवाय फवारणी संपवू नका.

रेन लिलीची सुकलेली फुलं मोडली की झालं. कुंडी काही दिवस कोरडी ठेवून मग भरपूर पाणी दिलं की पावसाविनाही ती फुलते. कंदांनी कुंडी गच्च भरली की दोन-तीन वर्षांनी फोडून वाटून टाका.

पीस लिलीचं सुकलेलं फूल दांड्यासकट बुडापासून कापा आणि पाणी चालू ठेवा. तिला झोपेचा काळ नसतो. फुटबॉल लिली उलट, हिवाळ्यात संपूर्ण नाहीशी होते. कुंडीत नुसती माती दिसते आणि घरातलं कुणीतरी त्यात कोथिंबीर पेरून रोज पाणी घालू लागतं. कुंडीच्या काठावर नाव लिहून ठेवा, आणि मे महिन्यापर्यंत तिच्याकडे लक्ष नाही दिलं तरी चालेल.